पहिलं नाव

थोरल्या जाऊबाईंनी पहिली लाल रेघ ओढली ती धाकटीच्या नावाखालच्याच ओळीवर. 'ध्येयनिष्ठ, मेहनती व प्रामाणिक संशोधक' असं तिथे लिहिलेलं होतं.

"हे कशाला?" थोरलीने विचारलं. "आळशी आणि लबाड आहे असं लिहून कोणी अर्ज करतं का? समितीला तुझ्याशी सोयरीक करायची नाहीये. काय केलंस तेवढं सांग आणि थांब."

रविवारची दुपार होती, थोरलीच्या जेवणाच्या टेबलावर धाकटीचा बारा पानी सीव्ही पसरलेला होता आणि ती स्वतः कडेच्या खुर्चीवर, पाहुण्याला बसवतात तशी, हात मांडीवर ठेवून बसली होती.

दोघी जावा एकाच इमारतीत राहायच्या, थोरली वर आणि धाकटी खाली. दोघींचं पटत नाही हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. दोघा भावांना तेवढं ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक नसण्यातच त्यांची सोय होती. थोरली विद्यापीठात बीजशास्त्राची प्राध्यापक होती. धाकटी त्याच विभागात कंत्राटी संशोधक, वर्षाच्या बोलीवर. घरी थोरलीला 'ताई' म्हणायचं आणि विभागात 'मॅडम', आणि दोन्हीकडे तिचं ऐकून घ्यायचं, असा धाकटीचा दिनक्रम होता.

यंदा मात्र कंत्राट संपलं की पुढचं मिळणार नाही, असं विभागाने तिला तोंडावर सांगून टाकलं होतं. त्याच सुमारास शहराबाहेरच्या बीजसंशोधन संस्थेत शास्त्रज्ञाची एक कायम जागा निघाली. वयाच्या अटीत धाकटी यंदा शेवटची बसत होती. ही जागा हुकली की काचेच्या बशा, उगवणकक्ष, गवताची बियाणी, सगळ्याला रामराम. मग तू शिकवण्या घे की, असं तिच्या नवऱ्याने फार प्रेमाने सुचवूनही झालं होतं, आणि तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोलत नव्हती. अर्जाची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

आणि शनिवारी थोरलीचा आपणहून निरोप आला: सीव्ही घेऊन वर ये, मी बघते. इतक्या वर्षांत थोरलीने आपणहून तिला काही दिलं असेल तर टोमणे. धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. पण निवड समित्यांवर बसून बसून थोरलीने जेवढे सीव्ही केराच्या टोपलीत घातले होते, तेवढे धाकटीने जन्मात पाहिलेही नव्हते. गरज आपली आहे असं स्वतःला बजावून ती जिना चढून वर आली.

"कार्यशाळा," थोरली पुढचं पान उलटत म्हणाली. "यातल्या किती ठिकाणी तू स्वतः बोललीस?"

"दोन."

"मग बाकीच्या ठिकाणी काय केलंस? चहा प्यायलीस. चहा प्यायल्याबद्दल नोकरी देत नाहीत." अख्खं पान गेलं. "छंद: वाचन, बागकाम. दिवसभर बिया मोजते आणि घरी येऊनही मातीच उकरते, हे मुद्दाम कळवायचंय का? काढ. आणि हे 'प्रकाशनाच्या मार्गावर' म्हणजे काय? पाठवलायस कुठे?"

"लिहितेय अजून."

"म्हणजे मार्गावर नाही, डोक्यात आहे. डोक्यात माझ्याही पुष्कळ आहे." आणखी एक रेघ. "ही मधली दोन वर्षं कुठे गेली?"

"मुलगी झाली तेव्हाची. तुम्हाला माहीत आहे, ताई."

"मला आहे, समितीला नाही. समितीला वाटेल, तुरुंगात होतीस. बालसंगोपनासाठी रजा, असं एका ओळीत सरळ लिही. लाजण्यासारखं काय आहे त्यात? लपवलेल्या गोष्टीला वास येतो."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड होत होता. त्यात वाईट असं की बाई खरं बोलत होती. एकेक रेघ जिथे पडायला हवी तिथेच पडत होती, आणि ती आपल्याला आधी का दिसली नाही, या विचाराने धाकटीला थोरलीचा जास्तच राग येत होता.

मग थोरलीची पेन्सिल क्रियापदांवर आली. 'यंत्र बसवण्यास मदत केली.' 'बियाणे संकलनात सहकार्य केले.' 'विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनात सहभाग घेतला.' थोरलीने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"कोणाला मदत केलीस?"

"म्हणजे, यंत्र आलं तेव्हा..."

"बसवलं कोणी?"

"मीच."

"मग 'बसवलं' असं लिहायला हात दुखतात? स्वतःच्या कामाला मदत म्हणणारी बाई मी पहिल्यांदा बघतेय. मदत करणाऱ्याला लोक पुन्हा मदतनीसच ठेवतात, शास्त्रज्ञ नाही." आणि तिने एकामागून एक सगळी सहकार्यं आणि सगळे सहभाग खोडून काढले.

तासाभरात बारा पानांची चार झाली. त्या चार पानांत जी बाई उभी राहिली होती, तिला धाकटीनेही डोळे झाकून नोकरी दिली असती. ते बघून तिला बरं वाटलं, आणि थोरलीपुढे बरं वाटल्याचं दिसू नये म्हणून ती पाणी प्यायला उठली.

ती परत आली तेव्हा शेवटचं पान तेवढं उरलं होतं. संस्थेची एक अट होती. उमेदवाराने आपले तीन उत्तम शोधनिबंध निवडायचे आणि प्रत्येकाखाली त्यात स्वतः नेमकं काय केलं ते लिहायचं. निबंधावर पहिलं नाव दुसऱ्या कोणाचं असेल, तर त्या व्यक्तीची खाली सही हवी. पहिलं नाव म्हणजे काम मुख्यतः त्याचं, असं सगळं विद्वज्जगत मानतं, म्हणून ही अट. धाकटीच्या दोन निबंधांवर पहिलं नाव तिचंच होतं. प्रश्न होता तिसऱ्याचा, आणि खरं तर तिच्याकडे दाखवण्यासारखा तोच होता.

तो रानगवताच्या बियांवरचा निबंध. शीतगृहात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं, मेलं म्हणून फेकायला काढलेलं बी दिवसा उबेत आणि रात्री गारव्यात असं आलटून पालटून ठेवलं तर पुन्हा उगवतं, हे त्यात दाखवलेलं होतं. बियाणी साठवणारे लोक आजही तो काढून वाचत. त्यावर पहिलं नाव थोरलीचं होतं, दुसरं धाकटीचं आणि शेवटचं दोघींच्या मार्गदर्शकांचं, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत.

धाकटी तेव्हा पीएच.डी. करत होती आणि थोरलीच्या दिराशी तिचं लग्न ठरलं होतं. थोरलीची बढती अडकली होती. पहिल्या नावाचा एक मोठा निबंध हवा, असं तिला वरून सांगण्यात आलं होतं. "आता काय, आपण एकाच घरच्या," थोरली तेव्हा म्हणाली होती, "आणि तुझं अख्खं आयुष्य पडलंय पुढे." घरातल्या मोठीला आधी वाढावं, तसं धाकटीने पहिलं नाव तिच्यापुढे सरकवलं. बाहेरच्या कोणाला तिने साधी पेन्सिल उसनी दिली नसती. पहिलं नाव एकदा छापलं की परत मागता येत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. पण सासर नवं होतं आणि अक्कल त्याहून नवी होती.

या निबंधावर थोरलीने पेन्सिल उचललीच नाही. तिने शेजारच्या फायलीतून एक टाइप केलेला कागद काढला आणि पुढे केला. खाली तिची सही आधीच झालेली होती.

"हे मी लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "जोड आणि पाठव."

धाकटीने वाचलं. 'प्रयोगाच्या कामात मुख्य लेखिकेस सहकार्य केले.' एवढंच होतं. तिने पुन्हा वाचलं, तरी तेवढंच होतं.

"सहकार्य?"

"मग काय?"

"आत्ता तासभर तुम्ही माझी सगळी सहकार्यं खोडत बसला होतात."

"तिथे तू एकटी होतीस. इथे मी आहे."

"प्रयोग मी केले, ताई. कल्पनासुद्धा माझी होती."

"आवाज खाली घे. आत तुझे भाऊजी झोपलेत." थोरलीने चारही पानं जुळवून टाचणी लावली. "हे बघ, सहीवाचून अर्ज अपुरा राहतो, आणि अपुरा अर्ज कोणी उघडतसुद्धा नाही. सही मी दिलीय. अजून काय हवंय तुला? माझ्या आरत्या ओवाळ असं म्हणत नाहीये मी."

धाकटीने कागद उचलले आणि ती खाली आली. जिन्यात तिला आठवलं की आपण 'थँक्यू' म्हटलं नाही, आणि त्याचं तिला समाधान वाटलं.

स्वयंपाकघराचं दार लोटून तिने सरांना फोन लावला. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि फोनवर बोलायला कोणी मिळालं की त्यांना उत्साह चढायचा.

"तो गवताचा निबंध ना? फार छान होता," सर म्हणाले.

"सर, त्यातले प्रयोग कोणी केले होते, आठवतं का?"

"तुम्ही दोघींनी. का तिने? थांब, तू तेव्हा आली होतीस का?" ते थोडा वेळ आठवत राहिले. "अगं, तुम्ही दोघी एकाच घरच्या ना? मग हिने केले काय आणि तिने केले काय, काय फरक पडतो?"

"मला पडतो, सर."

"तेही खरंच. पण मी तर परवाच लिहून दिलं की तिचं म्हणून. संस्थेला संचालक हवाय ना, त्यासाठी तिने शिफारसपत्र मागितलं होतं. मसुदा तिनेच पाठवला, मी सही केली. कल्पना, प्रयोग, लेखन, सगळं तिचं. फार मुद्देसूद लिहिते हो ती. तुला बोलली नाही? आता दोघी एकाच संस्थेत, मजाच आहे तुमची."

धाकटीने फोन ठेवला आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. एकाच संस्थेत दोन अर्ज जाणार होते, एक संचालकपदाचा आणि एक शास्त्रज्ञाच्या जागेचा, आणि दोन्हींत तोच निबंध असणार होता. दोन्ही कागद एकाच कचेरीत, कदाचित एकाच टेबलावर पडणार. धाकटीच्या अर्जात भलतं काही निघालं तर थोरलीची पंचाईत होती. म्हणून शनिवारचा निरोप, म्हणून तासभराची मेहनत, म्हणून आधीच करून ठेवलेली सही. थोरली तिचा सीव्ही सुधारत नव्हती, स्वतःचा सुधारत होती.

तिला इतका संताप आला की काही क्षण तिला समोरचं दिसेना. आजवर तिने थोरलीचा राग केला होता तो बोलण्याचा, तोऱ्याचा, जावांच्या भांडणात असतो तसला. हा वेगळा होता. या बाईने आपल्याला गिळलं आणि वर ढेकर देताना आपल्यालाच पंखा घालायला बसवलं, असं तिला वाटलं.

नवरा पाणी प्यायला आत आला. बायकोचा चेहरा बघून त्याने विचारलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "सही आहे ना? मग दे सोडून. घरचीच आहे ती."

"घरची आहे म्हणूनच एवढं धाडस झालं तिचं," धाकटी म्हणाली. "बाहेरचीने आधी विचारलं तरी असतं."

तो पाणी न पिताच परत गेला. धाकटीने लॅपटॉप उघडला, आणि थोरलीने टाइप करून दिलेली ओळ बाजूला ठेवून तिथे स्वतः लिहिलं: 'मूळ कल्पना माझी. बहुतेक सर्व प्रयोग व उगवणीची मोजणी मी केली. निबंधाचा पहिला मसुदा मी लिहिला. मुख्य लेखिकेने त्याची भाषा सुधारली.' सहीची जागा तिने मोकळी सोडली.

सोमवारी दुपारी ती विभागात थोरलीच्या खोलीत गेली. खोली उगवणकक्षाला लागून होती आणि भिंतीपलीकडून यंत्रांची घरघर सतत ऐकू यायची. थोरली कोणाचा तरी प्रबंध तपासत होती. धाकटीने दार लावलं आणि कागद तिच्यापुढे ठेवला.

थोरलीने वाचला. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"सरांशी बोललीस वाटतं."

"बोलले."

"तो माणूस कायमच तोंडाचा फाटका होता."

"तुम्ही संचालकपदासाठी अर्ज केलाय. माझ्या प्रयोगांवर."

"तुझ्या," थोरली म्हणाली आणि खुर्चीत मागे रेलली. "तुला या विभागात आणलं कोणी? त्या घरात आणलं कोणी? दरवर्षी तुझ्या कंत्राटाचा कागद निघाला, की प्रत्येकाच्या हातापाया कोण पडायचं? तुला काय वाटलं, तुझ्या गुणांवर टिकलीस तू इतकी वर्षं?"

"मग यंदा का नाही पडलात?"

"कारण मी इथून चालले होते. माझ्यामागे तुला इथे कुत्रं विचारणार नव्हतं. म्हटलं, तिकडेच ये. माझ्या हाताखाली राहिली असतीस, सुखात."

"तुमच्या हाताखाली," धाकटी म्हणाली. "सहकार्य करायला."

"उपकार करायची सोय नाही तुझ्यावर."

"तुम्ही उपकार केलेत ते माझ्याच जिवावर केलेत, मॅडम. मला दिलंत त्यातलं निम्मं माझंच होतं."

थोरलीने कागदावर बोट आपटलं. "हे असं पाठवलंस तर काय होईल, कळतंय? एकाच निबंधावर दोन अर्ज आणि दोन तोंडं. समिती कोर्टकचेरी करत बसत नाही. दोन्ही अर्ज उचलते आणि केरात टाकते. माझं फार काही बिघडणार नाही. मी इथे आहे, माझी खुर्ची आहे. तुझं काय? पुढच्या वर्षी तुला अर्जसुद्धा करता येणार नाही."

"ठाऊक आहे."

"मग?"

"जाऊ दे केरात."

"सही मी देणार नाही."

"मग सहीच्या जागी मी लिहीन की मुख्य लेखिकेने सही नाकारली. लपवायचं काही नसतं, असं तुम्हीच शिकवलंत काल."

धाकटी शूर वगैरे नव्हती. शिकवण्या घेत बसण्याची तिला धास्ती होती. पण 'सहकार्य केले' ही ओळ आपल्या नावाखाली जाण्याची धास्ती त्याहून मोठी होती.

ही माघार घेणार नाही, हे थोरलीला कळायला थोडा वेळ लागला, कारण तशी वेळ तिच्यावर याआधी आलेली नव्हती. मग तिने पुन्हा कागदाकडे पाहिलं. कागद समोर आला की तो तपासायचा, ही तिची इतक्या वर्षांची सवय होती, आणि ती रागातही सुटली नाही. तिने लाल पेन्सिल उचलली आणि एका शब्दावर टेकवली.

"हे 'बहुतेक' काढ."

"का?"

"बहुतेक म्हटलं की समिती विचारते, उरलेले कोणी केले? मग पुढच्या प्रत्येक ओळीवर शंका येते. 'सर्व प्रयोग मी केले' असं लिही." तिने तो शब्द खोडला, इतक्या जोराने की पेन्सिलीचं टोक तुटलं. "लिही सगळे. मी सही करते. आणि आजच माझा अर्ज मागे घेते. तुझ्यासाठी नाही, दोन तोंडं एका टेबलावर यायला नकोत म्हणून. घे. हेच हवं होतं ना तुला? घे आणि मिरव. थोरल्या जावेने संचालकपद सोडलं माझ्यासाठी, म्हणून सांगत फिर गावभर."

सगळं एका फटक्यात हाताशी आलं होतं. एक शब्द जाऊ द्यायचा होता. धाकटीने हो म्हटलं असतं तर पाचच्या आत अर्ज गेला असता, नोकरी बहुधा मिळालीही असती, आणि त्या घरात मरेपर्यंत ती थोरलीच्या त्यागावर जगली असती. हे तिला लख्ख दिसलं. पण तिला अडवलं ते तेवढ्याने नाही. 'बहुतेक' तिने भिडेखातर लिहिलेलंच नव्हतं. तिने ते मोजून लिहिलं होतं.

"सगळे मी केले नव्हते," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या लग्नाच्या आठवड्यात मी विभागात आले नव्हते. बशांमधली उगवण रोज मोजावी लागते. एक दिवस राहिला तरी अख्खी मांडणी वाया जाते. तो आठवडा तुम्ही मोजलीत. घर पाहुण्यांनी भरलेलं, लग्नाचं सगळं तुमच्या डोक्यावर, तरी रोज सकाळी कोणाला न सांगता येऊन मोजून जायचात. मी परत आल्यावर सगळे आकडे तपासले. एकही चुकलेला नव्हता."

"ते विसर. ते सोडलं मी."

"तुम्ही आत्ता जे सोडायला निघालात ते तुमचं नव्हतंच. हे तुमचं आहे, आणि हे मला नको."

"मी देतेय ना तुला?"

"तुमच्याकडून मला काहीही नको," धाकटी म्हणाली. इतक्या वर्षांत तिने मनात हजारदा म्हटलेलं वाक्य एकदाचं तोंडातून बाहेर पडलं.

तिने टेबलावरचं पेन घेतलं आणि खोडलेल्या शब्दाशेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं. सावकाश, शाळेतल्या मुलीसारखं अक्षर काढून लिहिलं: 'प्रयोग व मोजणी मी केली. त्यातील एका आठवड्याची मोजणी मुख्य लेखिकेने केली.' मग कागद फिरवून थोरलीपुढे ठेवला.

थोरलीने तो हातात घेतला. चोर म्हणवून घेणं तिने पचवलं असतं, उलट दोन शब्द सुनावले असते. दानशूरपणाही तिला शोभून दिसला असता. पण आपल्या वाट्याला काय येतं ते असं कोणी चमच्याने मोजून पुढे ठेवेल, याची तयारी तिने केली नव्हती. ती ओळ ती वाचत राहिली. ज्या निबंधावर बढती झाली, ज्यावर परिषदांत भाषणं दिली, ज्याच्या बळावर उद्या संस्थेच्या संचालकाच्या खुर्चीत बसायची होती, त्यात तिचं काय होतं, ते त्या एका ओळीत आलं होतं.

"एवढंच?" तिने विचारलं.

त्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखर विचारत होती. धाकटीला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही बाई खोटं बोलत नव्हती. निबंध आपला म्हणून सांगता सांगता तो तिला आपलाच वाटू लागला होता, आणि आपण त्यात नेमकं काय केलं हे तिने कधी बसून आठवलंच नव्हतं. धाकटीला तिची दया आली नाही. पण आणखी काही राहून गेलं असेल तर ते लिहावं म्हणून तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्या वर्षाचा एकेक महिना तिने मनात उलटसुलट केला.

"भाषा सुधारलीत," ती म्हणाली. "ते खाली लिहिलंय."

"हो," थोरली म्हणाली. "ते आहे."

मग तिने सही केली, पूर्ण नाव घालून, खाली पदवी आणि हुद्दा लिहून, जशी ती कायम करायची तशी. कागद तिने टेबलावरून ढकलला, आणि धाकटीने तो उचलला तरी तिने मान वर केली नाही.

"यापुढे वर येऊ नकोस," थोरली म्हणाली.

"नाही येणार," धाकटी म्हणाली, आणि कागद घेऊन अर्ज पाठवायला गेली.